ब्रेवर्डला राहायला येताय? आधी सेप्टिक टँक, मग धबधबे

नोकरी संपवून नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात स्थायिक व्हायचा विचार असेल, तर ब्रेवर्ड ही चांगली निवड आहे. वस्ती आठ हजारांच्या आत, उंची साधारण ६८० मीटर, म्हणजे लोणावळ्याहून किंचित जास्त. फरक एवढाच, की इथला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही; बारा महिने येत राहतो. ब्रेवर्ड ज्या काउंटीत (जिल्ह्यात) येतं त्या ट्रान्सिल्व्हेनियात अडीचशेच्या आसपास धबधबे आहेत ते या पावसामुळे, आणि इथल्या घरांची निम्मी दुखणीही त्याच्यामुळेच.

म्हणून पहिलं वर्ष भाड्यानं काढा, तेही गावातच, मेन स्ट्रीटला चालत जाता येईल अशा ठिकाणी. जुलैत पाहिलेलं डोंगरावरचं घर जानेवारीत वेगळं दिसतं: रस्त्यावर पारदर्शक बर्फ, सहाच्या सुमारास अंधार, शेजारचं घर बंद. हिवाळा अनुभवल्याशिवाय खरेदीची घाई करू नका.

खरेदीत या राज्याची एक रीत बाहेरून येणाऱ्यांना महागात पडते. ऑफर मान्य झाली की दोन रकमा द्याव्या लागतात. ‘अर्नेस्ट मनी’ त्रयस्थाकडे राहतो आणि ठरलेल्या मुदतीत माघार घेतली तर परत मिळतो. ‘ड्यू डिलिजन्स फी’ मात्र थेट विकणाऱ्याला जाते, आणि तपासणीत घर सडकं निघालं तरी ती सहसा परत येत नाही. व्यवहार पूर्ण झाला तर दोन्ही रकमा किमतीत वळत्या होतात. तेव्हा फी कमी आणि मुदत जास्त, यासाठी घासाघीस करा. डोंगरातल्या घराच्या तपासण्यांना तीन-चार आठवडे लागतातच.

गावाच्या सांडपाणी वाहिनीवर नसलेल्या घरांना सेप्टिक टँक असतो आणि त्याचा परवाना बेडरूमच्या संख्येवर मिळतो. जाहिरातीत चार बेडरूम आणि परवाना तीनचा, असं असू शकतं. काउंटीच्या पर्यावरण आरोग्य विभागातून परवान्याची प्रत काढा आणि टाकी उपसून आतून तपासून घ्या. पुढे दर तीन ते पाच वर्षांनी ती उपसावी लागते. आपल्या घरांसाठी खास सूचना: तळणीचं तेल आणि तुपाची बेरी सिंकमध्ये कधीही ओतू नका. तेलाचा थर टाकीत तरंगतो, हळूहळू शोषक्षेत्राच्या, म्हणजे टाकीतलं पाणी जिथे मुरतं त्या जमिनीच्या, मातीत जातो, तिची छिद्रं बुजतात आणि अंगणात सांडपाणी वर येतं. मग नवं शोषक्षेत्र खणण्यावाचून उपाय उरत नाही.

विहीर, म्हणजे इथली बोअर, असेल तर पाण्यातले जिवाणू, नायट्रेट, शिसं आणि आर्सेनिक तपासा, शिवाय मिनिटाला किती गॅलन पाणी येतं तेही बघा. या भागातल्या खडकांतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघतो. त्याची चाचणी किमान ४८ तासांची असते. आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आला तर पंखा आणि नळी बसवून हा वायू छपरावर सोडावा लागतो. घराखालच्या बुटक्या पोकळीत, म्हणजे क्रॉलस्पेसमध्ये, स्वतः टॉर्च घेऊन डोकवा. मातीवर किमान ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लॅस्टिक अंथरलेलं हवं, तुळया कोरड्या हव्यात. वास कुबट असेल तर वरच्या नव्या स्वयंपाकघराला भुलू नका.

खासगी खडीचा रस्ता असेल तर दुरुस्तीचा खर्च कोण किती उचलतो याचा लेखी करार मागा. रुग्णवाहिका तो चढ चढेल का, हे उतारवयात सगळ्यात महत्त्वाचं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. पुराचा सरकारी विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. दरड कोसळली तर या दोन्हींतून भरपाई मिळत नाही. त्यामुळे फ्रेंच ब्रॉड नदीकाठची सखल जमीन आणि तीव्र उतारावरचं घर, दोन्ही टाळलेली बरी.

२७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळानं या डोंगरांत वीज, फोन आणि रस्ते एकाच वेळी बंद पाडले. वीज गेली की बोअरचा पंप बंद, म्हणजे पाणीही बंद. कार्ड चालत नाही, पेट्रोल पंपही थांबतात. माणशी रोज एक गॅलन या हिशेबानं दोन आठवड्यांचं पाणी, महिन्याची औषधं, सुट्ट्या नोटा आणि गॅसची शेगडी (ती घराबाहेरच पेटवायची) कायम तयार ठेवा. जनरेटर असेल तर ट्रान्सफर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरवर घेणारं बटण, इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा, नाहीतर वीज उलटी तारांत जाऊन दुरुस्ती करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

गावात लहान रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी हेंडरसनव्हिल किंवा, जवळजवळ तासाभरावरचं, ॲशव्हिल. फॅमिली डॉक्टरकडे नव्या रुग्णाला लगेच वेळ मिळेल असं धरू नका. राहायला येण्याआधीच नाव नोंदवा. मेडिकेअर हा पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा; तो खासगी कंपन्यांमार्फत देणाऱ्या ‘ॲडव्हांटेज’ योजना भागापुरत्या असतात. नव्या जागी जुनी योजना चालत नसेल तर बदलासाठी मोजके दिवस मिळतात. मूळ, म्हणजे थेट सरकारी, मेडिकेअरकडे वळून मेडिगॅप (मेडिकेअर न देत असलेला खर्च भरणारा खासगी पूरक विमा) घ्यायचा असेल, तर आरोग्याची चौकशी न होता काही ठरावीक मेडिगॅप योजना जुनं कव्हर संपल्यापासून ६३ दिवसांच्या आतच मिळतात. लहान गावात मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप हीच जोडी बरी, कारण योजनेच्या यादीतलाच डॉक्टर शोधावा लागत नाही. पासष्टीनंतर कोब्रावर (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेल्या कंपनीच्या विम्यावर) विसंबून पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, लांबवू नका; कोब्रा चालू नोकरीचा विमा मानला जात नाही आणि दर पूर्ण वर्षाच्या विलंबाला हप्ता कायमचा १० टक्के वाढतो. राज्याच्या विमा विभागाचा ‘शिप’ हा सल्ला विभाग हे सगळं विनामूल्य समजावतो. मेडिकेअर भारतात चालत नाही, तिकडच्या मुक्कामासाठी वेगळा विमा घ्या.

गाडीचं थोडक्यात: आधी या राज्यातला विमा, मग ६० दिवसांत लायसन्स, मग नंबरप्लेट. गाडी आधीच्या राज्यात ९० दिवस तुमच्या नावावर असेल तर महामार्ग कर २५० डॉलरपेक्षा जास्त लागत नाही. सोशल सिक्युरिटीवर राज्याचा कर नाही, ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून काढलेल्या रकमेवर आहे.

आता ज्यासाठी यायचं ते. ब्रेवर्ड म्युझिक सेंटर १९४४ पासून इथे आहे. उन्हाळ्यात देशभरातले तरुण वादक शिकायला येतात आणि ऑर्केस्ट्रा, ऑपेरा, चेंबर संगीत यांची रांग लागते. मोठं सभागृह बाजूंनी उघडं आहे. जुलैतही शाल आणि छत्री न्या. हिरवळीवरून ऐकायचं तर खुर्ची आपली. इतर महिन्यांत ब्रेवर्ड कॉलेजचं पोर्टर सेंटर हे सभागृह आणि काउंटीचं वाचनालय बघा. २०१८ मध्ये संग्रहालयं-वाचनालयांसाठीचं राष्ट्रीय पदक मिळालेलं हे वाचनालय या आकाराच्या गावात मिळणं भाग्याचं आहे.

चालायची सवय नसेल तर पिस्गा राष्ट्रीय वनातला लुकिंग ग्लास धबधबा रस्त्यावरूनच दिसतो. त्यानंतर ड्यूपॉन्ट या राज्य वनातले हुकर, ट्रिपल आणि हाय हे तिन्ही धबधबे एका सकाळीत होतात. शनिवार-रविवार टाळा, पार्किंग भरतं. पिस्गात फोनला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या. धबधब्याच्या माथ्यावरच्या खडकावर पाय ठेवू नका. शेवाळ दिसत नाही आणि तिथून घसरलेला माणूस सावरत नाही. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गोचिडी शोधा. एका जातीच्या गोचिडीच्या चाव्यानं मटणाची ॲलर्जी होते. अस्वलं कचऱ्याच्या वासावर येतात, त्यामुळे डबा गाडी येण्याच्या सकाळीच बाहेर ठेवा.

तूरडाळ, पोहे, देऊळ यांसाठी शेजारच्या साउथ कॅरोलायनातलं ग्रीनव्हिल गाठावं लागतं. कागदावर यूएस २७६ चा रस्ता जवळचा, पण सीझर्स हेड डोंगराची वळणं पोट ढवळून काढतात. हेंडरसनव्हिलवरून यूएस २५ नं जा. मोठा गणेशोत्सव हवा तर शार्लट किंवा अटलांटा. महिन्यातून एक फेरी ठरवून ठेवा आणि फ्रीजरला जागा ठेवा. कढीपत्ता कुंडीतच लावा. ऑक्टोबर लागला की ती घरात, खिडकीपाशी, आणि मे अर्धा सरेपर्यंत बाहेर काढू नका.