जर्मन युद्धपदकं जमवताय? या चुका टाळा

आपल्याकडे बरेच संग्राहक ब्रिटिश-भारतीय पदकांवर नजर तयार करून मग जर्मनीकडे वळतात, आणि पहिली चूक तिथेच होते. ब्रिटिश पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण असते, म्हणून इथेही आधी नावच शोधलं जातं. पण प्रशियाची (जर्मनीतलं सर्वांत मोठं राज्य) १८६४, १८६६ आणि फ्रान्सविरुद्धच्या १८७०-७१ च्या युद्धांची पदकं बिननावाचीच दिली गेली. पदक कोणाचं, हे सोबतच्या प्रमाणपत्रावरून ठरतं. कडेवर नाव दिसलं तर ते बहुधा मागाहून कोरलेलं असतं. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. हॅनोव्हर आणि ब्राउनश्वाइग या जर्मन राज्यांच्या वॉटर्लू पदकांचं मात्र उलट आहे. त्यांच्या कडेवर नाव असतं, आणि ते घासून काढलेलं दिसलं तर पदक परत ठेवा.

१८७०-७१ च्या कांस्य पदकाची कड मात्र नीट वाचा. तिच्यावर ‘आउस एरोबर्टेम गेशुत्झ’, म्हणजे ‘जिंकलेल्या तोफांमधून’, असं लिहिलेलं असतं. ही पदकं फ्रेंचांकडून हस्तगत केलेल्या तोफा वितळवून पाडली होती. कड कोरी असली म्हणजे पदक लगेच बनावट ठरत नाही. हरवलेल्याच्या बदली खासगी कारागिरांकडूनही पदकं घेतली जात. पण अशा नगाला सरकारी पदकाचा भाव देऊ नये. विक्रेत्याकडून पुढच्या-मागच्या बाजूसोबत कडेचाही फोटो मागून घ्या.

मग व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घेणारं साधन) लावा. व्यास सुमारे २९ मिमी भरायला हवा. अस्सल पदकाचा साचा काढून ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून ती अर्धा मिमीपर्यंत लहान भरते. भिंगाखाली अक्षरांच्या कडा गोलसर आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसली, की शंका पक्की.

प्रत्यक्ष न लढलेल्यांना याच पदकाची पोलादी आवृत्ती मिळाली. तिला लोहचुंबक चिकटलाच पाहिजे, आणि कांस्य पदकाला चिकटता कामा नये. पोलादी पदकावर लॉरेलऐवजी ओकच्या पानांची माळ असते. फीतही वेगळी: लढलेल्यांची काळीप्रधान, इतरांची पांढरीप्रधान, दोन्हींत मधोमध लाल पट्टा. या फितींची अदलाबदल सर्रास दिसते.

सगळ्यात महागात पडतात त्या लढायांच्या पट्ट्या, म्हणजे फितीवर लावायच्या, लढाईचं नाव असलेल्या धातूच्या पट्ट्या. युद्धाला २५ वर्षं झाली तेव्हा, १८९५ मध्ये, जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने कांस्य पदकाच्या फितीवर लावायला २५ पट्ट्या मंजूर केल्या. किंमत वाढवायची म्हणून आज त्या कुठल्याही पदकावर चढवल्या जातात. इथे तारखा पाठ हव्यात. वर्थ आणि स्पिखर्न या दोन्ही लढाया ६ ऑगस्ट १८७० रोजी, वेगवेगळ्या ठिकाणी झाल्या. सेंट क्वेंटिन आणि माँ व्हालेरियाँ या दोन्ही १९ जानेवारी १८७१ च्या. यांपैकी कुठलीही जोडी एकाच फितीवर दिसली, तर ती जोडणी कोणीतरी मागाहून केली आहे.

१८९७ चं ४० मिमीचं शताब्दी पदकही ‘युद्धपदक’ म्हणून विकलं जातं. ते सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीचं आहे, कुठल्या मोहिमेचं नाही.

फितीवर अंधारात ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी मारा. धागा निळसर-पांढरा चमकला तर त्यात विसाव्या शतकातली रसायनं आहेत. फीत बदलली म्हणून पदक खोटं ठरत नाही, पण किंमत उतरते.

आता घरातली चूक. तांब्या-पितळेची भांडी घासतो तसं चिंच-मिठानं कांस्य पदक घासू नका. शंभर-दीडशे वर्षांची तपकिरी झाक तर जातेच, शिवाय मिठातलं क्लोराइड धातूच्या छिद्रांत बसतं आणि दमट हवेत फिकट हिरवी भुकटी फुटू लागते. ही भुकटी धातू पोखरत जाते. असा नग दिसला की आधी बाकीच्यांपासून वेगळा काढा, मग सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जेल वरचेवर बदलावं लागतं. मऊ पीव्हीसीची पाकिटंही टाळा, त्यांतून चिकट हिरवा थर सुटतो, पॉलिएस्टरची वापरा. पोलादी पदकाला फीत काढून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) पातळ हात द्यावा.

मात्र अनेक पदकं छातीवर लावायच्या एकाच पट्टीवर शिवलेली असतील तर साफसफाईसाठी टाके उसवू नका. ती पदकं एकाच माणसाची होती, याचा बऱ्याचदा तोच एक पुरावा उरलेला असतो.