गोठ्याभोवती गिनी कोंबड्या: खरीप पेरणीच्या दिवसांतली काळजी

वळवाचे दोन-चार शिडकावे झाले की गोठ्याभोवती गवत तरारते आणि गोचिडांचा त्रास वाढू लागतो. घरी संकरित गाई असतील तर हे नुसत्या खाजेवर भागत नाही, थायलेरिओसिस आणि बबेसिओसिससारखे ताप गोचिडांमुळेच पसरतात. फवारणी करूनही गोचीड परत दिसतात, कारण रक्त पिऊन फुगलेली मादी जनावरावरून खाली पडते आणि भेगेत, दगडाच्या आडोशाला, पालापाचोळ्याखाली दोन-तीन हजार अंडी घालते. जनावराच्या अंगावरचे औषध तिथवर पोचत नाही. गिनी कोंबडीचा उपयोग आहे तो इथे, जमिनीवर.

हा मूळचा आफ्रिकेतला पक्षी. दिवसभर थव्याने फिरतो आणि नाकतोडे, वाळवी, भुंगे, मुंग्या, गोचीड जे दिसेल ते टिपतो. आपल्या गावठी कोंबडीइतका तो माती उकरत नाही, म्हणून परसातल्या वाफ्यांची नासधूस कमी होते. (कमी म्हणजे अजिबात नाही. कोथिंबीर-मेथीची कोवळी रोपे जाळीआडच ठेवा.) अमेरिकेत लाँग आयलंडवर केलेला 1992 चा एक अभ्यास आहे. त्यात हे पक्षी फिरलेल्या हिरवळीवर मोठे गोचीड कमी आढळले. मोठे, हे लक्षात घ्या. बारीक पिल्ले आणि भिंतीच्या भेगांतली अंडी त्यांच्या चोचीला लागत नाहीत. त्या भेगा तुम्हालाच बुजवायच्या आणि चुना मारायचा आहे.

हुमणीसाठी, म्हणजे पिकांची मुळे खाणाऱ्या अळीसाठी, गिनी पाळा असे कोणी सांगितले तर जपून ऐका. हुमणीचे भुंगेरे दिवस मावळल्यावर कडुनिंब-बाभळीवर येतात आणि तोवर या कोंबड्या झोपायला गेलेल्या असतात. वखराच्या पाळीत उघड्या पडलेल्या अळ्या दिवसा वेचतील, तेवढेच. शंखी गोगलगायही रात्रीची, आणि मोठ्या शंखाचे तर पक्षी काही करू शकत नाही. घर, गोठा, उकिरडा आणि लगतचा बांध एवढाच परिसर धरून आठ-दहा पक्षी पुरे.

आता या महिन्यातला खरा धोका, बीजप्रक्रिया केलेले बियाणे. सोयाबीन, मका, ज्वारीला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते आणि हा पक्षी ताज्या पेरणीतला दाणा नेमका शोधून काढतो. घराजवळच्या रानात पेरणी झाली की उगवण होईपर्यंत, साधारण आठ-दहा दिवस, थवा कोंडूनच ठेवा आणि तिथेच खायला द्या. शेजाऱ्याच्या पेरणीचीही आधी चौकशी करा. दाणेदार कीटकनाशक टाकलेल्या रानात पाऊस पडून गेला तरी सोडू नका. गोठ्यात गोचीडनाशक मारले तर जमीन पूर्ण वाळल्यावरच दार उघडा.

पिल्ले आत्ता आणणार असाल तर ओल हा त्यांचा पहिला शत्रू. मोठी गिनी काटक, पण पहिल्या तीन-चार आठवड्यांत भिजलेले पिल्लू गारठून मरते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंशांच्या आसपास ऊब ठेवा, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवा. खाली वर्तमानपत्र घालू नका, त्यावर पाय घसरून फाकतात, गोणपाट घाला. पाण्याची ताटली उथळ हवी आणि तिच्यात खडे टाका, नाहीतर पिल्ले तिच्यात बुडतात. खाद्यात 24 टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात, नुसत्या कण्यांवर ती वाढत नाहीत. रानीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस पशुवैद्यकाला विचारून द्याच. पक्षी काटक आहे म्हणून लस टाळू नये. जात निवडायची असेल तर बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी आहेत. जंगली तितर मात्र कोणी विकायला आणला तर घेऊ नका, तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

मोठे पक्षी विकत आणून लगेच मोकळे सोडले तर ते परत येतीलच असे नाही. पाच-सहा आठवडे खुराड्यात ठेवा, रोज संध्याकाळी एकच हाक मारून मूठभर बाजरी टाका. मग आधी दोनच सोडा. आतल्यांच्या ओढीने ते परततात. तरीही काही पक्षी झाडावर बसायला बघतात आणि तिथे रानमांजर नाहीतर घुबड त्यांना गाठते.

आवाजाचे आधीच सांगतो. अनोळखी माणूस, कुत्रा, साप काहीही दिसले की सगळा थवा एकदम कलकलाट करतो. वस्तीवर हा पहारा सोयीचा, पण भिंतीला भिंत लागलेल्या गावठाणात शेजाऱ्यांशी वाद होतील. तिथे न पाळलेलेच बरे.

माद्या साधारण मार्च ते सप्टेंबर अंडी घालतात, तीही खुराडे सोडून गवतात, बऱ्याचदा अनेक जणी एकाच जागी. गिनी माता ओल्या गवतातून पिल्ले फिरवते आणि गारठवते, म्हणून अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवा. उबवायला 26 ते 28 दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्यांपेक्षा आठवडाभर जास्त. पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्येच बसवलीत तर पावसाआधी पिल्लांना पिसे फुटलेली असतील. घरट्यातून अंडी काढताना दोन-तीन तिथेच राहू द्या, सगळी उचलली तर मादी जागा बदलते.