मोनोफिन की बायफिन? पैसे घालवायच्या आधी या चुका टाळा

फ्रीडायव्हिंगचा (ऑक्सिजनची टाकी न घेता, एका श्वासात खोल पाण्यात जाणं) पहिला कोर्स झाला की आठ दिवसांत मेसेज येतोच, "दादा, मोनोफिन घेऊ का?" (मोनोफिन म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच रुंद पातं, बायफिन म्हणजे प्रत्येक पायाला वेगळं.) मी विचारतो, बायफिनवर २० मीटर खोल जाणं आरामात होतंय का? तर म्हणे अजून नाही, पण मोनोफिनने होईल ना! नाही होणार. वर्षानुवर्षं हेच सांगतोय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोनोफिनला बायफिनच्या वरची पायरी समजणं. दोन्ही वेगळे प्रकार आहेत, आयडाने (फ्रीडायव्हिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) २०१९ पासून बायफिनची कॉन्स्टंट वेटमध्ये (वजन न बदलता फिनच्या जोरावर खाली-वर करणं) वेगळी कॅटेगरी केली ती उगीच नाही. मोनोफिन जास्त एफिशियंट आहे हे खरंच, २०२१ मध्ये रशियाचा फ्रीडायव्हर अलेक्सी मोल्चानोव त्यावर १३१ मीटर गेला, पण पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या अर्नो जेराल्डने बायफिनवर १२० मीटर केले. म्हणजे तुम्ही १८ मीटरला अडकलाय ते फिनमुळे नाही, कानांमुळे आणि घाईमुळे. उलट मोनोफिनवर खाली जायचा स्पीड वाढतो, इक्वलायझेशन (कानांतला दाब बरोबर करणं) मागे पडतं आणि जे कान १५ मीटरपर्यंत नीट चालायचे ते १० लाच दुखायला लागतात.

बालीला आमेदमध्ये पुण्याचा एक मुलगा माझा बडी (पाण्यातला जोडीदार) होता. पोहण्यात तयार, श्वास छान, पण धीर नाही. ऑनलाइन सेकंडहँड मोनोफिन घेतली होती, फूट पॉकेट (पाय घालायचा रबरी भाग) एक साइझ लहान, विकणारा म्हणाला "टाइटच लागते". टाइट लागते हे बरोबर, पण किती ते कोण सांगणार? शाम्पूचं पाणी टाकून, बोयाला (खाली जायची दोरी बांधलेला तरंगता गोळा) धरून दहा मिनिटं झटापट करून पाय घातले. मी म्हटलं आज १० च्या खाली जायचं नाही, तो हो म्हणाला आणि १६ ला गेला. वर येताना दोन्ही तळपायांत एकदम पेटके आले. बायफिन असती तर एका पायाने तरी किक मारता आली असती, इथे दोन्ही पाय एकाच पात्यात अडकलेले. मी खाली गेलो तेव्हा तो शेपटी न हलवता थांबला होता आणि डोळे मोठे झाले होते. मी त्याचा हात धरून दोरीवर ठेवला, मग तो दोरी ओढत ओढत वर आला, मी समोरासमोर. वर श्वास नीट घेतला, ओके दिला, सगळं ठीक. पण फिन काढली तेव्हा पावलावर रबराचे लाल वळ उठले होते आणि दोन्ही अंगठ्यांची नखं पुढच्या चार दिवसांत काळी पडली.

तेव्हापासून माझी सवय अशी, की नवीन फूट पॉकेट घालून आधी घरी खुर्चीत २० मिनिटं बसायचं. बोटं बधिर झाली की परत करायची, "वापरून सैल होईल" वगैरे ऐकायचं नाही. आणि पहिले पाच-सहा सेशन दोरीपासून हाताच्या अंतरावरच.

दुसरी चूक म्हणजे पहिलीच बायफिन कडक कार्बनची घेणं. महाग म्हणजे चांगली असं वाटतं. कडक पात्याला मांड्यांचा जोर लागतो, तो नसला की गुडघे वाकतात, सायकल चालवल्यासारखी किक होते, पाय भरून येतात आणि ऑक्सिजन तिथेच संपतो. सॉफ्ट पातं घ्या, प्लास्टिकचं किंवा फायबरग्लासचं. किक कंबरेतून, छोटी, पुढे-मागे सारखी. मी स्विमिंग टँकच्या काठावर मोबाइल ठेवून बाजूने स्लो मोशनमध्ये शूट करतो, गुडघा किती वाकतोय ते लगेच दिसतं आणि बहुतेकांना ते बघून धक्का बसतो.

खांदे न तपासता मोनोफिन घेऊ नका, त्यावर हात डोक्यावर ताणूनच पोहायचं असतं. भिंतीला पाठ, टाचा लावून हात डोक्यावर ताणा, दंड कानांना चिकटले पाहिजेत. त्यासाठी कंबर भिंतीपासून सुटून पुढे येत असेल तर आधी खांद्यांचं स्ट्रेचिंग, नाहीतर पाठ धरते.

मोनोफिन घालून बडीची सेफ्टी (लक्ष ठेवून गरज पडली तर मदत) करू नका. वळायला जागा लागते, वर एका जागी थांबणं जड जातं. सेफ्टीला बायफिनच.

मालवणला, अंदमानला रीफ बघत फिरायचं असेल तर बायफिनच, मोनोफिनवर माशापाशी थांबता येत नाही आणि त्या रुंद पात्याने कोरल तुटतं.

विमानाची बॅग आधी मोजा. ७० सेंटिमीटरच्या आसपास रुंद पातं साध्या बॅगेत जात नाही.

आणि एक गोष्ट जी मी कोणाचीच ऐकून घेत नाही, मग तो कितीही अनुभवी असो. टँकवर एकट्याने मोनोफिनचे डायनॅमिक लॅप (श्वास धरून पाण्याखालून आडवं पोहणं). दोन-चार किकमध्ये भिंत येते म्हणून माणसाला वाटतं अजून एक, अजून एक, वर आधी भराभर श्वास घेतलेला असतो त्यामुळे श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते, आणि ब्लॅकआउट (शुद्ध हरपणं) आधी सांगून येत नाही. लाइफगार्डला वरून वाटतं पोरगा मस्त ग्लाइड करतोय. सोबत वरून पोहणारा, कोर्स केलेला बडी नसेल तर फिन बॅगेतच राहू द्या, त्या दिवशी नुसतं पोहा.

बायफिनवर २५ मीटर, कान न दुखता, वर आल्यावर सहज बोलता येतंय, असं महिनाभर होऊ दे. मग भाड्याची मोनोफिन दोन दिवस वापरून बघा आणि मग मेसेज करा, साइझ मी स्वतः सांगेन.