पाण्यातले माइट नोंदवताय? या चुका टाळा

मृगाचा किडा नागपुरात कोणाला माहीत नाही? पहिल्या सरीनंतर ओल्या मातीवर फिरणारा तो मखमली लाल ठिपका. तलावात पोहणारे माइट, म्हणजे कोळ्यांच्या गटातले बारीक जीव, त्याचेच नातलग. जगभरात त्यांच्या 6000 हून जास्त प्रजाती नोंदल्या गेल्यात आणि बहुतेकांची लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या आतच असते.

या नात्यामुळेच पहिली फसगत होते. लाल दिसला की माइट, असं नसतं. हिरवे, निळसर, पिवळे, तपकिरी माइटही भरपूर सापडतात. रंग सोडा, अंग पाहा: सगळं शरीर एकच गोळा, डोकं वेगळं नाही, मिशा नाहीत, पाय आठ. शिंपल्यासारखी दोन कवचं दिसली किंवा प्राणी झटके देत वर उसळला, तर तो माइट नव्हे. पाय सहाच असतील तर मात्र टाकून देऊ नका, ते माइटचं पिल्लू असू शकतं. चतुराच्या पोटाखाली लाल मणी दिसतात, त्यांना लोक अंडी समजतात. तीही पिल्लंच, चतुराचं रक्त शोषणारी.

सगळ्यात महागात पडणारी चूक काठावरच होते. जाळीतला गाळ सरळ फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनात, ओतला जातो. मेलेला माइट गाळात शोधणं म्हणजे तांदळातले खडे अंधारात निवडणं. 250 मायक्रॉनच्या (पाव मिलिमीटर छिद्रांच्या) जाळीने घेतलेलं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. गाळ बसला की माइट आपणहून चालू लागतात. मग ड्रॉपरने उचला. काठावर वेळ नसेल तर डब्यात पाणी थोडं, हवा जास्त ठेवा आणि बर्फाच्या पेटीतून न्या. एका मे महिन्यात मी अख्खा नमुना गाडीच्या डिकीत ठेवला आणि घरी पोचेपर्यंत त्याचं सूप झालं.

साठवताना ग्लिसरीन पाच भाग, पाणी चार आणि ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड एक भाग वापरा. यात अंग मऊ राहतं. कडक अल्कोहोलमध्ये ते ताठरतं, पाय उलगडत नाहीत. डीएनए काढायचा असेल तर दोन-चार नमुने अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा. रंग मात्र जिवंत असतानाच लिहून घ्या, नंतर तो उडतो.

ओळख पटत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांकडे बहुधा मोबाइलवर वरून काढलेला एकच फोटो असतो. ओळख खालच्या बाजूला लपलेली असते: पायांच्या मुळाशी असलेल्या पट्ट्या, जननछिद्राभोवतालच्या चकत्या, तोंडाजवळच्या स्पर्शकांचे पाच सांधे. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची स्लाइड करावीच लागते. आर्रेन्युरस या वंशात नराला मागे शेपटीसारखा भाग असतो, पण माद्या एकमेकींसारख्याच दिसतात. नुसत्या मादीवरून प्रजातीचं नाव लिहिण्याचा मोह आवरा.

तोच मोह युरोपातल्या ओळख-किल्ल्या, म्हणजे लक्षणं जुळवत नावापर्यंत नेणारे तक्ते, वापरतानाही होतो. तिथली किल्ली नागपूरच्या अंबाझरी तलावातल्या प्राण्यालाही कुठलं तरी नाव देतेच, ते इथलं असेलच असं नाही. भारतातल्या माइटांसाठी डेव्हिड कुक यांचं 1967 चं काम आधी पाहा. खात्री नसेल तर 'आर्रेन्युरस, प्रजाती अनिश्चित' एवढंच लिहा. ती नोंद पूर्ण मानली जाते, चुकीचं नाव मात्र वर्षानुवर्षं याद्यांमधून फिरत राहतं.

लेबल कागदाचं आणि कुपीच्या आत हवं. बाहेर चिकटवलेलं गळून पडतं आणि बॉलपेनची शाई विरघळते, म्हणून पेन्सिल वापरा. 'अंबाझरी, नागपूर' एवढ्याने भागत नाही. जलपर्णीच्या मुळांत मिळाला की काठच्या दगडाखाली, खोली किती, तारीख कोणती, हे सगळं लिहा. पेंचसारख्या संरक्षित जंगलात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

आणि अक्षांश-रेखांश उलटे टाकू नका. नागपूर 21 उत्तर, 79 पूर्व. अदलाबदल झाली की तुमचा माइट थेट आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला जाऊन पोचतो. नोंद पाठवण्याआधी ठिपका नकाशावर उघडून पाहा.