जुन्या इंजिनाची ऑईल गळती : पाना हातात घेण्याआधीची तयारी

अँबेसिडर असो की पद्मिनी, खाली तेलाचा डाग दिसला की बहुतेक जण थेट चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचं, पॅकिंग बदलायला निघतात. पॅकिंग बदललं जातं, काही दिवस फरशी कोरडी राहते आणि मग डाग पुन्हा त्याच जागी उमटतो. तेल जिथे टपकतं तिथून ते आलेलं असतंच असं नाही. ते वर कुठेतरी पाझरतं, ब्लॉकवरून ओघळतं, पंख्याच्या आणि रस्त्याच्या वाऱ्यानं मागे ढकललं जातं आणि चेंबरच्या सगळ्यात खालच्या बोल्टवर येऊन थेंब धरतं. म्हणून गळती शोधायची तयारी आधी आणि दुरुस्तीची नंतर. पहिली पूर्ण होईपर्यंत एकही बोल्ट सैल करू नका, ही कळकळीची विनंती.

आधी दिवस ठरवा. सोलापुरात हे काम जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की लगेच, फेब्रुवारी सरायच्या आत केलेलं बरं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीस ओलांडतो. तेव्हा गाडीखाली पाठ टेकवणं कठीण होतंच, शिवाय सीलंट लावता लावता सुकायला लागतं आणि दुकानातून आणलेलं बुचाचं (कॉर्कचं) पॅकिंग आकसून त्याची भोकं बोल्टांशी जुळत नाहीत. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबा. गाडी सलग दोन दिवस तरी कुणाला लागणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. मधली रात्र शोधकामासाठी लागते.

गाडी धुण्याआधी नीट बघा आणि मोबाईलवर फोटो काढा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ तेलावर बसून कातडीसारखा थर धरते. जिथे थर जाड आणि कोरडा आहे तिथली गळती जुनी, कदाचित कधीच थांबलेली. जिथे तो ओला, चकचकीत आहे किंवा धुळीतून स्वच्छ ओघळ उतरलेला दिसतो, तिथे आजची गळती आहे. ही खूण एकदा धुतली की गेली. मग साफसफाई. एक-दोन लिटर डिझेल, रंगाचा जुना ब्रश, लाकडी पट्टी, आणि डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, डायनामो झाकायला प्लास्टिकच्या पिशव्या जवळ ठेवा. इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्यावर आणि बॅटरीची वायर काढून हे करा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं जुन्या सीलमधून पाणी आत शिरतं, म्हणून तो टाळा. पुसायला कापड निवडतानाही विचार करा. सोलापुरात टॉवेलचे तुकडे हवे तितके मिळतात, पण त्यांचे तंतू पॅकिंगच्या जागेवर चिकटतात. बाहेरची घाण पुसायला टॉवेल चालेल. जोडाच्या पृष्ठभागाला मात्र जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं विरलेलं कापड घ्या.

स्वच्छ, कोरड्या इंजिनावर खरा शोध सुरू होतो. गाडी सपाट जागी उभी करा आणि खाली चादरींच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरा. त्यावर पुढच्या चाकांच्या जागा आणि गाडीचं तोंड कोणीकडे आहे ते मार्करनं आखा. इंजिन वीसेक मिनिटं चालवून गरम करा, बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावरचा प्रत्येक डाग कोणत्या भागाखाली आला ते लिहून ठेवा. संशयाच्या जागी अंगाला लावायची साधी पावडर हलकी भुरभुरवून दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवली की पांढऱ्यावर ओली रेघ उठून दिसते. त्या रेघेचं वरचं टोक धरायचं. एवढ्यानं उलगडलं नाही तर ऑईलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील टॉर्च मागवा. अंधारात मूळ जागा पिवळट हिरवी चमकते.

टपकतंय ते इंजिन ऑईलच आहे ना, हेही आधी ठरवा. बोटावर घेऊन वास घ्या. गिअरबॉक्समध्ये ईपी ९० हे गिअर ऑईल असेल तर त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑईल पातळ असतं आणि रंगाला फोड आणतं, ते दिसलं तर इंजिन बाजूला ठेवून आधी ब्रेक बघा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी हीच तपासायची राहून जाते. इंजिनाला श्वास घेता येतोय का? पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू कायम खाली निसटतो. तो ब्रीदरमधून बाहेर पडायला हवा. ब्रीदरची नळी किंवा जाळी काजळीनं बुजली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. अशा इंजिनाची सगळी पॅकिंगं नवी टाकली तरी महिन्याभरात ते दुसरीकडून गळायला लागतं. अँबेसिडरच्या जुन्या १४८९ सीसी बी-सीरीज इंजिनात ब्रीदरची नळी बाजूच्या टॅपेट चेंबरच्या पुढच्या झाकणातून निघते. ती आणि झाकणातली जाळी काढून डिझेलमध्ये भिजत घालायची तयारी ठेवा. ऑईल भरायच्या झाकणात जाळी असेल तर तीही धुवा. मग इंजिन चालू ठेवून ते झाकण उचला. थोडी वाफ येणं स्वाभाविक आहे, पण धुराचे झोत ठेका धरून बाहेर पडत असतील तर आपले मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार आहे, म्हणजे वायू वाजवीपेक्षा जास्त खाली निसटतोय.

असं दिसलं तर कॉम्प्रेशन गेज मागून आणा. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघा. रिंगा गेलेल्या असतील तर पॅकिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही. तो खर्च इंजिनकामासाठी राखून ठेवा.

डिपस्टिकही याच टप्प्यावर बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं तेल आधी काढा. न भरताच पातळी वाढत असेल आणि पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी. पातळ झालेलं तेल सगळीकडून गळतं आणि बेअरिंगही खातं. पंप दुरुस्त करून तेल बदलेपर्यंत गाडी चालवू नका.

काही गॅरेजमध्ये डिपस्टिकच्या नळीतून हवा भरून साबणाचं पाणी मारतात. पद्धत चांगली आहे, पण कॉम्प्रेसरला रेग्युलेटर असेल आणि दाब दोन-तीन पीएसआयच्या वर जाणार नसेल तरच करू द्या, नाहीतर धड असलेला सीलही जागा सोडेल. शिवाय बी-सीरीजच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. तिथून हवा येणारच, तो दोष समजू नका.

संशयाच्या जागा वरून खाली या क्रमानं बघा. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार. तिथलं तेल मागच्या बाजूनं उतरून बेल हाऊसिंगवर (क्लचभोवतीच्या खोळीवर) जातं आणि क्रँकचा मागचा सील गेला असा गैरसमज होतो. नुसत्या या गैरसमजापोटी इंजिनं उतरवली गेली आहेत. त्यानंतर ऑईल प्रेशरचा स्विच आणि गेजकडे जाणारी नळी. इथे तेल दाबाखाली असतं, त्यामुळे लहानशा भेगेतूनही ते दूरवर उडतं. मग डिस्ट्रिब्युटरचं बूड आणि पेट्रोल पंपाचं बूड. बी-सीरीजमध्ये टॅपेट चेंबरची बाजूची झाकणं मॅनिफोल्डच्या आड असतात, आरसा आणि टॉर्च असल्याशिवाय दिसत नाहीत. ऑईल फिल्टरच्या बाऊलला वर रबरी रिंग असते. जुनी रिंग खाचेत तशीच राहून तिच्यावर नवी बसवली की गळती ठरलेली. शेवटी पुढचं टायमिंग कव्हर, चेंबर आणि मागचं टोक.

मूळ सापडलं की सामानाची यादी आपोआप छोटी होते. तेव्हाच खरेदीला निघा. अँबेसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पद्मिनीचं त्याच्या कितीतरी आधी. सोलापुरात मिळालं नाही तर पुण्याच्या नाना पेठेत चौकशी करा आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पार्सल मागवा. जुना सील काढण्याआधी त्याच्यावरचा नंबर वाचता येत असेल तर तोच सांगा. नवा सील हाती आला की कडेवर नख दाबा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला सील कोरा दिसतो, पण रबर दगड झालेलं असतं. नखाची खूण उमटून लगेच भरून आली तर घ्या. बुचाचं पॅकिंग वाळलेलं असेल तर बसवण्याआधी थोडा वेळ कोमट पाण्यात बुडवा, ते मूळ मापावर येतं. तांब्याचे वायसर शक्यतो नवे घ्या. नाही मिळाले तर लालसर होईपर्यंत तापवून गार करा, मऊ पडतात आणि पुन्हा चालतात.

हत्यारांत मापाचा घोळ नको. बी-सीरीजचे बोल्ट इंची आहेत, ७/१६, १/२ आणि ९/१६ चे पाने आणि सॉकेट हवेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना चढवला की कोपरे गोल होतात. पद्मिनीला मिलिमीटरचे पाने. लहान मापाचा टॉर्क रेंच कुणाकडून तरी मागून आणाच, कारण चेंबरचे बोल्ट आवळायला अगदी थोडा जोर लागतो. बी-सीरीजला साधारण ८ न्यूटन-मीटर. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. दोन भक्कम स्टँड आणि मागच्या चाकांना दगड लागतातच. एक्झॉस्टजवळची जुनी पॅकिंगं ॲसबेस्टॉसची असू शकतात, ती ओली करून काढा, कोरडी घासू नका.

पत्र्याचं टॅपेट कव्हर किंवा चेंबर काढलं की आधी त्याची कड बघायची. कुणीतरी कधीतरी जोरानं आवळलेलं असतं, त्यामुळे भोकांभोवतीचा पत्रा पॅकिंगच्या बाजूला फुगलेला असतो. मग मधल्या भागात पॅकिंग दाबलंच जात नाही. सरळ पट्टी लावून मागून टॉर्च धरा, फट दिसेल. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीनं ती कड सपाट करा. गळती थांबते ती बहुतेक वेळा इथे, नवं पॅकिंग आणि सीलंट हा पुढचा भाग. सीलंट लावायचंच तर बारीक थर, चेंबरच्या कोपऱ्यांत आणि जोडांवर. बाहेर सिलिकॉनची जाड वळी दिसतेय म्हणजे आतही तेवढीच आहे. ती सुटली की ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन बसते आणि गळणारं इंजिन जाम होणारं इंजिन बनतं.

टायमिंग कव्हर बसवताना बोल्ट आधी सैल लावा, क्रँकची पुली सीलमध्ये घालून कव्हर मध्यावर येऊ द्या, मग आवळा. सीलच्या ओठावर आणि पुलीच्या दांड्यावर थोडं ऑईल लावा. दांड्यावर सीलनं खाच पाडलेली असेल तर नवा सील तिथे टिकणार नाही. पुली लेथवाल्याकडे न्या, नाहीतर दुसरी शोधा.

ऑईल २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० मिनरल घ्या. नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक या इंजिनांसाठी नाही, सोलापूरच्या उन्हात तर नाहीच. जुनं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑईल घेणाऱ्याकडे द्या. गटारात किंवा बोअरजवळच्या मातीत ओतू नका.

चाचणीला तुळजापूरचा रस्ता उत्तम. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर होतात, इंजिन पुरतं तापतं आणि शेवटी घाट चढावा लागतो. उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि तळाशी पुन्हा दाबताना सोबतच्याला आरशातून मागे बघायला सांगा. निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाईडमधून तेल जळतंय, ते कोणत्याही पॅकिंगनं थांबणार नाही. घरी आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि बुचाच्या पॅकिंगचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचनंच तपासा.

मागच्या टोकाबद्दल मात्र घाई करू नका. बी-सीरीजच्या क्रँकवर तिथे आटे आहेत, ते फिरताना तेल आत ओढतात. इंजिन थांबलं की ओढणं थांबतं, म्हणून उभ्या गाडीखाली दोन-चार थेंब पडणं त्या रचनेतच आहे. नाक वर करून चढावर उभी केली तर ते वाढतात, तेव्हा सपाट जागा निवडा. क्लच घसरत नसेल, पातळी टिकून असेल, तर तेवढ्यासाठी इंजिन खाली घेऊ नका. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स सुटणारच आहे, मागची बाजू त्याच वेळी तपासून घ्या.