चिऊताईचं दार पुन्हा वाजवताना

आमच्या सोसायटीच्या गणपतीत पोरांचं दहा मिनिटांचं नाटुकलं बसवायचं काम सहा वर्षं माझ्याच गळ्यात आहे. जुन्या गोष्टीचं विडंबन हमखास चालतं म्हणतात. पहिल्या वर्षी मी काऊला मोबाईल दिला, चिऊला स्कूटर, वाघाला गॉगल. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एक आजी तेवढं म्हणाल्या, "कपडे छान शिवलेत हो."

तेव्हापासून बाहेरून विनोद आणणं बंद. आधी मूळ गोष्ट मोठ्यानं सांगायची आणि आपल्यालाच कुठे खटकतं ते बघायचं. काऊचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो पावसात कुडकुडतोय, आणि मेणाच्या घरातून चिऊ म्हणते, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." मग अंग पुसते, मग टीट लावते. बाई चक्क टाळतेय! हे एकदा दिसलं की पुढचं सोपं: सबबी संपल्यावर ती म्हणते, "थांब, बाळाला परत अंघोळ घालते."

पण "चिऊताई चिऊताई, दार उघड" यातलं अक्षरही हलवू नका. ते प्रेक्षकांनीच ओरडायला हवं. पहिली दोन-तीन उत्तरं मूळचीच द्या, नंतरचं वाकडं. सुरुवातीलाच वाकडं दिलंत तर वाकडं आहे हे कळणार कसं?

भोपळ्यातल्या म्हातारीचंही तसंच. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन" हा वायदा मोडायचा. आमची म्हातारी वाळून परत आली.

"काय गं, जाडजूड होणार होतीस ना?"

"मागितली रे तूपरोटी. लेक म्हणाली, आई, आधी कोलेस्टेरॉल बघ."

यावर वाघानं गुपचूप स्वतःचा डबा उघडला.

तालमीआधी संहिता एखाद्या चिकित्सक पोराला वाचून दाखवा. मी चिऊचं घर उन्हात वितळवलं होतं. भाचा म्हणाला, "मावशी, मधमाशीचं मेण 62 अंशांच्या पुढे वितळतं. एवढं ऊन कुठंय?" चिडले, पण बदललं. आता घर वितळत नाही, नुसतं मऊ पडतं, आणि दार चौकटीला चिकटून बसतं. चिऊ आत अडकते. काऊ बाहेर नव्या शेणानं भिंत सारवत असतो.

"काऊदादा काऊदादा, दार उघड!"

"थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालतो."

इथे पडदा.