टेस्टोस्टेरॉन जेल लावताय? मग बनियनवर विसंबू नका

नौपाड्यात माझं मेडिकल आहे. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन. ते शरीरात कमी पडलं की डॉक्टर त्याचं जेल देतात. ते न्यायला येणारे बहुतेक पुरुष चिठ्ठी गुपचूप सरकवतात, पाकिटं खिशात कोंबतात आणि मी काही सांगायच्या आत रस्ता ओलांडलेला असतो. लाज समजू शकतो, पण त्या घाईत जेल लावायचं कसं, हेच ऐकायचं राहून जातं.

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते बनियनमुळे. हे जेल बहुधा खांद्यांवर आणि दंडांवर लावतात, वाळू देतात आणि ती जागा कपड्याने झाकतात. आपल्याकडे घरात झाकणं म्हणजे काय, तर बिनबाह्यांचं बनियन! औषध जिथे लावलंय नेमकी तीच जागा उघडी. घोडबंदर रोडवरच्या एका गिऱ्हाइकाचं हेच झालं. जेल लावायचं, वर बनियन, आणि मग पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन बाल्कनीत फेऱ्या. काही महिन्यांत पोराच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास, तोंडावर पुरळ, उंची भराभर. डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला, तर हाडांचं वय पोराच्या वयाच्या पुढे. ‘घरात कोणी हार्मोनचं जेल लावतं का?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुठे साहेबांनी तोंड उघडलं. तोवर बायकोलाही पत्ता नव्हता. संपर्क थांबला की अशी बरीच लक्षणं ओसरतात, पण पुढे गेलेली हाडं पूर्ण मागे येतीलच असं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २००९ मध्ये या जेलवर चौकटीतला इशारा छापायला लावला, तो याच कारणासाठी.

म्हणून मी प्रत्येकाला बाह्यांचा एक जुना टी-शर्ट फक्त जेलसाठी बाजूला काढायला सांगतो. लावून झालं की हात लगेच साबणाने धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही. मुलाला उचलायचं असेल किंवा बायकोच्या अंगाला अंग लागणार असेल, तर आधी ती जागा साबण-पाण्याने धुवा. घरात गरोदर बाई असेल तर याबाबतीत जराही ढिलाई नको. टॉवेल वेगळा.

दुसरी चूक टेस्टोस्टेरॉन तपासायला रक्त देताना होते. १ टक्क्याच्या ५ ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन असतं आणि त्यातलं साधारण दहावा हिस्साच शरीरात जातं. बाकीचं कातडीवरच. त्याच हातातून रक्त काढलं की सुईला जेल लागतं आणि रिपोर्ट आभाळाला भिडतो. मग डोस कमी होतो आणि महिनाभराने माणूस ‘औषध लागू पडत नाही’ म्हणत माझ्याच काउंटरवर. लॅबवाल्याला आधीच सांगा, आणि त्या दिवशी जेल कधी लावायचं ते डॉक्टरांना विचारा.

गुप्तांगावर लावू नका. वाळेपर्यंत गॅस आणि सिगारेटपासून लांब राहा, त्यात अल्कोहोल असतं. लावल्यावर अंघोळ किंवा पोहणं किती तासांनी, हे माहितीपत्रकात बघा. कुठे दोन तास लिहिलेलं असतं, कुठे पाच. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचा नाही.

हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत याची, तपासणी ‘बरं वाटतंय की’ म्हणून टाळणारेही आहेत. रक्त दाट होणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे. आकडा ५४ टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर उपचार थांबवतात. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांनी या वाटेला जायचंच नाही.

आणि जिममधली पोरं! ‘काका, चिठ्ठी नाही, पण थकवा फार येतो.’ रोज बदलापूर लोकलला लटकून आल्यावर कोणाला येणार नाही? वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, दोनदा तपासून पातळी कमी आली आणि सोबत लक्षणं असली, तरच कमतरता म्हणतात. संध्याकाळचा एकच रिपोर्ट दाखवू नका. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर शुक्राणू बनवणं कमी करतं, कधी जवळजवळ बंद. हे कळल्यावर लग्न ठरलेला एक जण पैसे परत खिशात घालून निघून गेला. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, त्यासाठी वेगळी औषधं आहेत.